मौनाचं फळ

खोकल्या-तापाची साथ ओसरावी म्हणून मी रोज दुपारपर्यंत मौन धरायचा नेम केला. आरोग्य कचेरीत माझं काम सकाळी दवाखान्यांचे फोन घेऊन रुग्णांचे आकडे टिपायचं. त्यात बोलण्यासारखं काय? आठवड्यात आकडे निम्म्यावर आले. मी देवाला हात जोडले आणि साहेबांपुढे चिठ्ठी सरकवली, "साथ उतरली. जादा खाटा काढाव्यात."

साहेबांनी खात्रीसाठी एका डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या मलाही ऐकू येईल इतक्या कडाडल्या, "खाटा काढताय? इथे रांग रस्त्यावर गेलीय! आकडे सांगू कुणाला? सकाळी तुमच्याकडे फोन उचलतात आणि नुसता श्वास ऐकू येतो. हॅलो-हॅलो करून मीच ठेवते!"

"ताई, काय म्हणणं आहे तुमचं?" फोन ठेवून साहेबांनी मला विचारलं.

दुपार व्हायला अजून तासभर होता. मी देवाचे मनापासून आभार मानले.