पहिला हात सुकेपर्यंत

यंत्राच्या हातानं गाडीच्या दारावर क्लिअर कोटचा पहिला हात मारला, स्प्रेगन खुंटीला अडकवली आणि तो थांबला. दहा मिनिटं दम धरला नाही तर दुसरा हात ओघळतो. आता वारलेल्या रंगारी रामलिंगअण्णांच्या मनगटाची हालचाल न हालचाल वीस वर्षांपूर्वी त्या यंत्रात उतरवली होती.

मग तो हात खाली झुकला आणि कमरेच्या उंचीवर हवेतच कुरवाळत राहिला.

"ही फालतू हालचाल आज काढून टाकतो, ताई," दुरुस्तीवाला म्हणाला.

"आधी चहा पिऊन या," अण्णांची लेक शिवलीला म्हणाली.

तो गेला. वीस वर्षांपूर्वी, आठ वर्षांची असताना, ती अण्णांजवळ तिथंच उभी असायची. आता डोकं त्या हाताखाली यायला तिला गुडघ्यांवर बसावं लागलं.