पिवळं पाणी

"यातच आहेत?" बाटली हातात घेत आईने विचारलं. आत नुसतं फिकट पिवळं पाणी होतं.

केतकीने मान खाली घातली. प्रयोगशाळेतली चांदीची तार संपली, म्हणून कपाटाच्या तळाशी सापडलेले घुंगरांचे काळपट वाळे तिने न विचारताच सोनाराकडून आटवून घेतले, त्यांची तार ओढून घेतली. प्लाझ्माच्या निळ्या ठिणगीने ती तार पाण्यात झिजवली, तिचे डोळ्यांना न दिसणारे कण केले. प्रयोग साधला म्हणून कौतुकाने बाटली घरी आणली. आणि वाळे तिच्या जन्माआधीच गेलेल्या दादाचे होते, हे तिला आईकडून आत्ता कळत होतं.

"मग काढ ना परत."

"चांदी काढता येईल गं, आई. वाळे नाही."

आईने बाटली कानाशी धरली आणि हळूच हलवून पाहिली.