बटणं लावता लावता

लेकाला कोरियातल्या कारखान्यात नोकरी हवी होती, म्हणून दोन वर्षं घरात कोरियन भाषेचे ऑनलाइन धडे चालू होते. धडा सुरू झाला की आईचं शिवणयंत्र बंद. मग ती त्याच्या पाठीमागे बसून गिऱ्हाइकांच्या शर्टांना हाताने बटणं लावायची. मोबाइलमधली बाई प्रश्न विचारायची, लेक जांभई द्यायचा आणि आई दाताने दोरा तोडता तोडता मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळी व्हायची.

आज मोबाइलवरच मुलाखत होती. पडद्यावरच्या दोन साहेबांनी दहा मिनिटं बरंच काही विचारलं. लेकाने प्रत्येक प्रश्नाला हसून कोरियनमध्ये "हो, हो" केलं. शेवटी एक साहेब दुसऱ्याला हसत हसत कोरियनमध्येच म्हणाला, "याला ओ की ठो कळत नाही. नाव खोडा, पुढच्याला घ्या."

आईच्या बोटात सुई घुसली. लेकाने मात्र कमरेत वाकून त्यालाही "हो, हो" केलं.

"बाबा, काम फत्ते! दोघंही हसत होते!"

दोन वर्षं त्याला 'दिवटा' म्हणून हाक मारणाऱ्या बाबांनी आज त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जिंकलास रे राजा!" डोळे पुसत ते आईकडे वळले. "अगं, तू इथेच होतीस ना? शेवटी काय म्हणाले साहेब?"



"मला मेलीला त्यातलं काय कळतंय!" म्हणत आईने पुढचं बटण घेतलं.