अर्धी बाटली

बालकांना सांगितलेली कथा हे बीजच होय. ते कोणत्या मातीत रुजेल, हे सांगणाऱ्याच्या हाती नसते. बालवाडीच्या बाईंनी एका वाटसरूची गोष्ट सांगितली होती. तहान असूनही तो रांजणातले निम्मे पाणी मागून येणाऱ्यांसाठी राखून ठेवतो. तेव्हापासून एक चिमुरडी दुपारी तहानलेलीच बसे.

"अगं चिमणे, घशाला कोरड पडलीय तुझ्या. बाटलीत पाणी आहे ना, पी की."

"ते आईचं आहे, बाई. दवाखान्यातून निघताना बाबा म्हणाले, तू मावशीबरोबर पुढे हो, आई मागून येतेय."

मागून शववाहिका आली होती, हे बाईंना ठाऊक होते. त्यांनी बाटलीचे झाकण घट्ट लावून दिले.

देव त्या लेकराची तहान भागवो, आणि त्या बापाला खरे सांगण्याचे बळ देवो.