नमुन्याची बाटली

जीप पोलादपूरचा नाका सोडून वाडीच्या कच्च्या रस्त्याला लागली, तेव्हा वाट दाखवायला पुढे बसलेल्या श्रीपतने मागे वळून विचारलं, "साहेब, वास आला का?"

राहील देशमुखने नाकाला रुमाल लावला होता. "आला, काका."

"मला नाय येत. त्या शेडात पिंपं धुवून धुवून नाक मेलं. काम सोडलं, पण नाक काय परत आलं नाय."

रसायनांची जुनी पिंपं धुणारी ती शेठची शेड वाडीजवळच्या ओढ्याच्या काठाला होती. महाडच्या एमआयडीसीतली रंगांची एक मोठी कंपनी तिथली धुतलेली पिंपं विकत घ्यायची. धुण्याचं पाणी ओढ्यात जायचं आणि ओढ्यातून झिरपून वाडीच्या विहिरीत. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षापासून कंपनीचं परदेशी गिऱ्हाईक विचारू लागलं होतं, तुम्ही माल कुणाकडून घेता आणि तिथली माणसं कशी आहेत? म्हणून कंपनीने तपासणीला राहीलला नेमलं होतं. महाडचाच मुलगा, मुंबईला शिकून आलेला.

वाडीचं पाणी वाईट निघालं तर शेडकडची खरेदी बंद, आणि वाडीला वर डोंगरातल्या झऱ्यावरून नळ. कंपनीने तसं कबूल केलं होतं.

श्रीपतची नात दीक्षा ओट्यावर बसून दंड खाजवत होती. तिच्या अंगावर कोपरापासून मानेपर्यंत चट्टे होते. महाडच्या डॉक्टरने मलम दिलं होतं आणि म्हणाला होता, मलमाने काही होणार नाही, पाणी बदला.

अंगण सारवलेलं होतं. तांब्या चिंचेने घासून लखलखीत केला होता. श्रीपतची बायको काशीबाई दारात बसली होती. सकाळी श्रीपत उठला तेव्हा ती घरात नव्हती. आजचा दिवस मोठा, विहारात मेणबत्ती लावायला गेली असेल, असं समजून तो नाक्यावर निघून गेला होता. आता तिच्या लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटली होती आणि ती पाय चेपत होती.

श्रीपतचा आजा महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला गेलेल्यांतला. तो गेला, पण घराला एक रीत लावून गेला. दारात येईल त्याला आधी पाणी, मग बोलणं.

काशीबाईने तांब्या पुढे केला. "घे, पोरा. उन्हातून आलास."

राहीलने तांब्याकडे पाहिलं, मग ओढ्याकडे. "नको, काकी. माझ्याकडे आहे." त्याने पिशवीतून विकतची बाटली काढली.

काशीबाईचा चेहरा उतरला. श्रीपतला मात्र बरं वाटलं. "बघ गो, साहेबालाबी कळतंय. तू ऱ्हावदे. शेजारच्या आवडीकडून दूध आण, चहा तरी घेऊ दे त्याला."

ती तांब्या ओट्यावर ठेवून गेली. दीक्षाने तो उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"मागच्या वर्षी विहिरीतलं पाणी नेलं होतं," राहील म्हणाला. "शेठ म्हणाले, विहीर कपडे धुवायची आहे, तिचं पाणी कुणी पीत नाही. ती तपासणी रद्द झाली. आता घरात पितात तेच पाणी घ्यायचं."

"शेटला पाठव हितं ऱ्हायला. घे, मडक्यातलंच घे. रोज हिरीचंच असतंय."

राहीलने मडक्यातून काचेची बाटली भरली. नाकाशी धरली. "याला वास येत नाही फारसा."

"मडक्यात रातभर ऱ्हायलं का वास उडतो. इख नाय उडत."

राहीलने मान हलवली. बूच लावून लाख ओतली. चिठ्ठीवर आधी स्वतः सही केली आणि मग श्रीपतची घेतली.

"यात आता कुणी हात घालायचा नाय ना?" श्रीपतने विचारलं.

"माझ्या हाताने नेतो, काका. शेठचा बापही हात लावणार नाही."

काशीबाई दूध घेऊन आली तेव्हा बाटली पिशवीत गेली होती. राहील चहा न घेताच उठला.

पुढच्या महिन्यात तो एकटाच मोटरसायकलवर आला. ओट्यावर बसला आणि पिशवीतून तपासणीचा कागद काढला.

"काय झालं?" श्रीपतने विचारलं.

"काका, पाणी पिण्यालायक निघालं."

"शेटच्या ताटात जेवलास काय रे?"

"दोनदा तपासायला लावलं. माझाच विश्वास बसेना. पण बाटली तुमच्यासमोर भरली, तुमच्यासमोर सील केली."

"मग काय आमच्या हिरीत गंगा उतरली?"

राहीलने खाली पाहिलं. "कंपनीने शेडशी तीन वर्षांचा करार केलाय. तोवर पुन्हा तपासणी नाही. नळही नाही."

आत दीक्षा खाजवत होती. तिच्या नखांचा आवाज ओट्यापर्यंत येत होता.

"पोरीला बघ जरा. बघितलीस? आता ऊठ," श्रीपत म्हणाला. "माझ्या दारातून ऊठ."

राहील उठला. तेवढ्यात काशीबाई बाहेर आली.

"अवो, आल्या माणसाला पाण्याआधी उठवायची या घराची रीत हाय काय?" ती नवऱ्यावर खेकसली आणि राहीलकडे वळली. "पर तूबी पोरा, त्या दिवशी माझं मन मोडलंस. अरे, पाहुण्याला आमी हिरीचं घाण पाणी पाजू का? अंधाराची उठून डोंगरात झऱ्यावर गेले, मडकं राखेनं घासलं, नि अख्खं मडकं तुझ्यासाठी भरून ठेवलं. नि तू एक घोट घेतला नायस."