उजेडाचे सोबती

चंद्रावरच्या वस्तीत कुत्रं एकच होतं, इवलीशी बुंदी. पाच वर्षं शालिनीताई तिला यंत्रानं उभ्या केलेल्या उजेडाच्या कुत्र्यांसमोर शिकवत होत्या: बस, थांब, भुंकू नकोस. "एक दिवस खरा येईल गं," असं रोज सांगत.

आज यानातून खराखुरा कुत्रा, टिप्या, उतरला. बुंदी शहाण्यासारखी बसूनच राहिली.

"ताई, तुमची लेक फार शिष्ट! ढुंकूनही बघत नाही," यानचालक हसला.

"तिला हाही उजेडच वाटतोय." ताईंनी टिप्याची मान कुरवाळली आणि तोच हात बुंदीच्या नाकापुढे धरला. "हुंग, बाळा. उजेडाला वास नसतो."

बुंदीनं हुंगलं. शेपटी थरथरली. मग पहिल्यांदाच आज्ञा मोडून ती धावली, आणि ताईंनी तिला हाक मारली नाही.