दोन चौकटी, एक खूण

"खूण एकाच चौकटीत करता येते," शाळाखात्याचे अधिकारी मिस्टर डॉयल म्हणाले आणि त्यांनी फॉर्म टेबलाच्या मधोमध सरकवला. "मुलीचा वर्ग कुठला, शाळा कुठली, हे सगळं सह्या झाल्यावर. त्याआधी त्याबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही. नियमच आहे तसा."

जोलीनचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. दोन वाजता चीजच्या कारखान्यात तिची कामाची पाळी सुरू होणार होती आणि सव्वा वाजून गेला होता. पण पाय हलत होता तो कामाच्या घाईपायी नव्हे.

फॉर्मवर तिच्या आठ वर्षांच्या मुलीचं नाव होतं, हॅटी. मुलाला खास वर्ग कुठल्या कारणासाठी द्यायचा, त्याच्या चौकटी तेरा होत्या, पण हॅटीसाठी प्रश्न दोनच चौकटींचा होता. एक 'भावनिक विकार', दुसरी 'ऑटिझम'.

घंटा वाजली की हॅटी किंचाळायची आणि टेबलाखाली शिरायची. डबा उघडायची तो जुळी बहीण कोरा शेजारी बसली तरच. मागच्या हिवाळ्यात कोरा तापाने आठवडाभर घरी राहिली, तेव्हा हॅटीने शाळेत पाच दिवस पाण्याला तोंड लावलं नाही. जोलीनला एवढंच हवं होतं की दोघी एका छपराखाली राहाव्यात. सोमवारी शाळा उघडणार होती.

आधाराला शेजारची बेव्ह आली होती. तिच्या मुलावर, ड्वेनवर, 'भावनिक'चा शिक्का बसला होता आणि त्याला नदीपलीकडच्या शाळेत धाडलं होतं. तीन वर्षं तो बसमध्ये रडत गेला.

"भावनिक म्हटलं की नदीपलीकडे," तिने गाडीतून उतरताना बजावलं होतं. "ऑटिझमचा वर्ग इथेच, वाचनालयाला लागून. ते गोड गोड बोलतील. तू विरघळू नकोस. तुझं म्हणजे उन्हात ठेवलेलं लोणी!"

मानसतज्ज्ञ मिस अडेअरने अहवाल मिटला. "खरं सांगू का? मुलगी दोन्हीकडे थोडी थोडी बसते. अशा वेळी आईचं म्हणणं जड ठरतं."

"आणि बाईंचं," मिस्टर डॉयल म्हणाले.

हॅटीच्या बाई म्हणजे मिसेस झिलिन्स्की. त्यांनी लहानपणी जोलीनलाही शिकवलं होतं. नाताळच्या कार्यक्रमात हॅटी टेबलाखाली शिरली, तेव्हा साठीच्या या बाई गुडघे धरत तिच्याबरोबर खाली जाऊन बसल्या होत्या. जोलीनला या खोलीत भरवसा होता तो त्यांचाच.

"जोलीन," बाई हळूच म्हणाल्या, "मला विचारशील तर पहिली चौकट. भावनिक."

जोलीनचे कान तापले. "बाई, तुम्ही? तुम्ही असं म्हणता?"

"ती घाबरते गं. भीती हेच मूळ आहे, असं म्हणता येईल."

"म्हणता येईल म्हणजे? तुम्हाला वाटतं का तसं?"

बाईंनी मिस्टर डॉयलकडे पाहिलं. मिस्टर डॉयल खाकरले.

"असं कर बाळ," बाई म्हणाल्या, "फॉर्म घरी ने. सही आज नको. संध्याकाळी मला फोन कर."

"फोनवर काही बोलणं होणार नाही, मिसेस झिलिन्स्की," मिस्टर डॉयल म्हणाले.

बेव्हला राहवलं नाही. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता, बाई? पोर डोईजड झालीय तुम्हाला. सरळ सांगून टाका की!"

बाईंचे डोळे भरून आले. चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प बसतो, असं जोलीनला वाटलं. ज्या बाईंनी आपल्याला अक्षरं गिरवायला शिकवली, त्याच आपल्या लेकीला नदीपलीकडे ढकलायला निघाल्या, याचं तिला फार वाईट वाटलं. आणि रागही आला. त्या रागात तिचा पाय थांबला.

"ऑटिझम," ती म्हणाली. "घरीबिरी काही न्यायचं नाही मला. आत्ताच करते सही."

"जोलीन, एक दिवस थांब. माझ्यासाठी थांब."

"तुमच्यासाठी खूप वर्षं 'हो बाई' म्हटलं."

तिने खूण केली आणि खाली सही ठोकली. मिस अडेअरची सही झाली. बाईंनी पेन बराच वेळ हातात धरलं आणि मग सगळ्यांत शेवटी आपलं नाव लिहिलं. बेव्हने जोलीनचा खांदा दाबला. कित्येक महिन्यांनी जोलीनला मोकळा श्वास घेता आला.

मिस्टर डॉयलनी तो कागद फाइलमध्ये लावला आणि दुसरा काढला. त्यांचाही चेहरा सैल झाला होता.

"चला, आता बोलायला मोकळे झालो. तुम्हाला अजून कळलं नसेल, पण या उन्हाळ्यात दोन्ही वर्गांची अदलाबदल झाली. भावनिकवाली मुलं इथे आलीत, कोराच्या वर्गासमोरच. तुमच्या हॅटीची बस सकाळी सहा-दहाला दाराशी येईल, पूल ओलांडायला वेळ लागतो ना."